काचेतल्या गोगलगायी

फिश टँकसमोर गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट अंथरणारा खोडदमधला मी पहिला माणूस असेन, आणि सकाळी हॉलमध्ये जे दिसलं त्यावरून सांगतो, शेवटचाही.

शेतात हा उपाय चालतो. पावसाळ्यात टोमॅटोच्या कोवळ्या रोपांवर गोगलगायी तुटून पडल्या की संध्याकाळी बांधाच्या कडेनं गुळाच्या पाण्यात बुडवलेली गोणपाटं टाकायची. वासावर त्या येतात, खाली जमतात, सकाळी गोणपाट उलटायचं आणि सगळं लचांड उचलून मिठाच्या पाण्याच्या बादलीत ओतायचं. आमच्या भागात हे कुणाला शिकवावं लागत नाही. मला वाटलं, गोगलगाय ती गोगलगाय. बांधावरची काय आणि काचेतली काय, गुळाला कोण नको म्हणतंय? म्हणून मी टँकचं झाकण काढलं, एक गोणपाट काठावर लोंबत ठेवलं, दुसरं खाली फरशीवर पसरलं आणि समाधानानं झोपलो.

सकाळी पाण्यातल्या गोगलगायी पाण्यातच होत्या. गोणपाटावर मुंग्या होत्या. फरशीवर, सोफ्याच्या शिवणीत, टीव्हीच्या पाठीमागे आणि रिमोटच्या बटणांखालीसुद्धा मुंग्या होत्या. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिनं रांग पाहिली, गोणपाट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"गूळ कुठल्या डब्यातला घेतला?"

"चहाच्या."

"मग आज बिनगुळाचा प्या," ती म्हणाली आणि झाडू माझ्या हातात दिला.

हा टँक आमच्या मुलीचा. बारावीत असताना हट्ट करून तिनं तो आणला, दोन लालसर गोल्डफिश पाळले, आणि नंतर नर्सिंगला पुण्याला गेली. हॉस्टेलवर मासे चालत नाहीत, म्हणून ते आमच्याकडे राहिले. जाताना तिनं आईला सगळं नीट समजावलं. खाणं किती टाकायचं, पाणी कधी बदलायचं, त्यासाठी मागच्या पडवीतल्या पिपात विहिरीचं पाणी भरून कसं ठेवायचं. मला काही समजावलं नाही. मला एवढंच म्हणाली, "पप्पा, तुम्ही टँकला हात लावू नका हं." दर रविवारी तिचा फोन येतो. पहिला प्रश्न, मासे कसे आहेत. दुसरा, आईचे गुडघे कसे आहेत. मग वेळ उरलाच तर माझी चौकशी.

दिवाळीच्या सुट्टीला ती यायची होती. तोवर दोन्ही मासे सांभाळायचं बायकोनं अंगावर घेतलं होतं. "पोरीनं इस्वासानं दिलेत," ती म्हणायची, "तिच्या हातात जसेच्या तसे द्यायचे." दुपारी घर रिकामं झालं की ती टँकसमोर प्लॅस्टिकची खुर्ची ओढून बसायची आणि माशांशी काहीबाही बोलायची. मी जेवायला आलो की गप्प व्हायची. मीही काही ऐकलं नाही असं दाखवायचो.

आता गोगलगायी कुठून आल्या, तर त्या मीच आणल्या.

फवारणीच्या पंपाचं नोझल घ्यायला आळेफाट्याला गेलो होतो. गॅरेजच्या रांगेत एक माशांचं दुकान आहे. म्हटलं, पोरीच्या टँकमध्ये थोडी हिरवळ असावी, म्हणून पाण्यातल्या वनस्पतीच्या दोन जुड्या घेतल्या. दुकानदारानं त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरल्या आणि वर दोन गोगलगायी टाकल्या.

"ह्या घ्या फुकट. काच साफ करत्यात. तुमाला हात लावायची गरज न्हाई, भाऊ."

इथे मी थांबायला हवं होतं. ज्या माणसाला आपला माल फुकट द्यावासा वाटतो, त्याच्या दुकानात त्या मालानं काय केलं असेल, एवढा विचार कुणीही केला असता. पण आमच्याकडे फुकट म्हटलं की माणूस खताच्या जाहिरातीची टोपीसुद्धा लग्नात घालून जातो. आयुष्यभर ज्यांना मीठ घालून मारलं, त्यांच्या दोन बायाबापड्यांना मी मोटारसायकलवरून, खड्ड्यात हिसका बसू नये म्हणून पिशवी उंच धरून, खोडदपर्यंत घेऊन आलो.

दोनच होत्या. मग बारक्या बारक्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या, काचेवर दिसायला लागल्या. मग त्या मोठ्या झाल्या. पानांखाली चिकट जेलीचे ठिपके आले, त्यातून आणखी निघाल्या. आमच्या भागात एका मुलाचं लग्न जमवायचं तर बापाच्या चपला झिजतात, मध्यस्थांना चहा पाजून पाजून घरचं दूध संपतं. यांना पाहुणे नकोत, पत्रिका नको, सुपारी नको. काही काही जातींत तर जोडीदारसुद्धा लागत नाही म्हणे. एकटीच बसते आणि कुटुंब वाढवते. ज्या प्राण्याला संसारासाठी दुसऱ्याचं तोंड बघावं लागत नाही, त्याच्याबद्दल मला आदर वाटणं शक्यच नव्हतं.

शिवाय मी गोगलगाय काचेतून पोटाच्या बाजूनं पाहिली. शेतात वरून बघतो, तेव्हा निदान शंख दिसतो, त्याला काही आकार असतो. काचेला चिकटलेली गोगलगाय खालून बघणं म्हणजे कुणाची तरी ओली जीभ चालताना बघणं. तोंड उघडायचं, मिटायचं, उघडायचं, मिटायचं. डोळ्यांत काही भाव नाही, अंगात काही घाई नाही. बैल राबतो, कुत्रं भुंकतं, कोंबडी अंडं देते आणि दिलं म्हणून गाव जागं करते. ही बाई दिवसभरात या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जाते, आणि मागे एक शेपूटभर घाण सोडते. खिडकीतून आमच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अजस्र अँटेना आभाळाकडे तोंड करून बसलेल्या दिसायच्या, आणि मी इकडे काचेला नाक लावून गोगलगायीची लेंडी बघत बसायचो.

आमच्या बांधाला बांध असलेला शेजारी एकदा चहाला आला. कप तोंडाला लावता लावता त्याची नजर टँकवर गेली.

"भाऊ, हे काय?"

"गोगलगायी."

"ते दिसतंय मला. पण आत कशा गेल्या?"

"पाळल्यात."

त्यानं कप खाली ठेवला. उठून जवळ गेला, वाकून पाहिलं, टँकचा दिवा पाहिला, हवेच्या नळीचे बुडबुडे पाहिले.

"आमी तिकडं मीठ टाकून मारतोय, आन् तुमी हितं लाईट लावून पाळताय? आन् हे बुडबुडं कशाचं?"

"हवेचा पंप आहे."

"माझ्या म्हशींला पंखा न्हाई, राव."

"पंप माशांसाठी आहे," मी म्हणालो.

"आसंल. पण हवा तर ह्याबी खात्यात ना? काल मी वावरातून पाटीभर येचल्या. आदी सांगायचं व्हतं, तुमच्याकडं आणून सोडल्या आसत्या. दोन घास जास्ती लागले आसते, दुसरं काय."

दुसऱ्या दिवशी दूध घालायला डेअरीवर गेलो, तर रांगेतल्या एकानं अगदी गंभीरपणे विचारलं, "तुमच्या गोगलगायींचं दूध कुठल्या भावानं घालायचं, गायीच्या का म्हशीच्या?" मी किटली पुढे सरकवली. सगळे हसले, आणि मीही हसलो, कारण न हसणारा माणूस डेअरीवर फार दिवस टिकत नाही. पण घरी येताना ठरवलं की या जायलाच हव्यात. गुळाचं गोणपाट त्याच संध्याकाळचं.

मुंग्यांचा बंदोबस्त झाल्यावर मी विषय रीतसर काढला. बायको ओट्याला टेकून लसूण सोलत होती.

"त्या काढून टाकू," मी म्हणालो.

"का?"

"झाडांची पानं खातात."

"पिवळी पडलेली खात्यात. हिरवं खाल्लेलं पान दाखवा मला."

मी तिला हॉलमध्ये नेऊन एक भोक पडलेलं पान दाखवलं. तिनं डोळे बारीक करून पाहिलं.

"हे माशांनी टोचलंय. ह्यांच्या तोंडाचं भोक आसं नसतं."

गोगलगायीच्या तोंडाचं भोक कसं असतं याचा अभ्यास माझ्या बायकोनं केला आहे, हे मला तेव्हा समजलं.

"बरं, घाण किती करतात."

"घाण कोण करत न्हाई? तुमी जेवून उठला की ताटाभोवती शितं आसत्यात. ह्या निदान पुसून पुढं जात्यात."

"वाढल्या किती बघ."

"त्या कशामुळं वाढल्या, सांगू? तुमी जाता-येता माशांना चिमूट चिमूट टाकता. मासं खात न्हाईत तेवढं, ते खाली बसतं, ह्या खात्यात आन् वाढत्यात. पोरगी म्हणली व्हती, जास्तीचं खाणं बंद केलं की त्या आपसूक कमी व्हत्यात."

चिमूट मीच टाकत होतो. मी काचेजवळ गेलो की मासे दोघंही धावत पुढे यायचे आणि तोंड उघडायचे. या घरात मला बघून धावत पुढे येणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. पण हे काही लसूण सोलणाऱ्या बाईला सांगण्यासारखं नाही.

"मेली तर कुजते," मी शेवटचं अस्त्र काढलं. "एक मेली की सगळं पाणी नासतं. मासे जातील."

"हे मातर खरंय," ती म्हणाली. "म्हणून तर मी रोज बघती. हलत नसली की उचलून वास घेती."

एक मुद्दा मिळाल्यानं मला जोर आला. "म्हणजे बघ, तोटे एवढे, आणि फायदा काय, तर शेवाळ खातात. संपलं."

"संपलं कसं? मला खाली बसून काच घासावी लागत न्हाई. माझं गुडघं तुमाला ठावं हाईत ना? आन् दुसरं म्हणजे, पाणी बिघडलं की त्यांला आदी कळतं. त्या पाणी सोडून वर चढत्यात. पोरीनं सांगितलंय."

मी मोठ्यानं हसलो. म्हणालो, अरे वा, म्हणजे आता पाण्याची तपासणी गोगलगायी करणार. ग्रामपंचायतीला सांगू, टाकीवर दोन नेमा. बायकोनं लसणाची सालं गोळा केली आणि कचऱ्यात टाकली. तिची बाजू संपली असं मी समजलो.

त्या रात्री नाही, पण दोन-तीन दिवसांनी द्राक्षबागेत फिरताना मला खरा मुद्दा सुचला. गोगलगायीच्या बाजूनं जे काही होतं, ते शेवाळावर उभं होतं. शेवाळच नसलं, तर काच घासायला नको, गुडघे वाकवायला नकोत, आणि मग गोगलगायीला घरात ठेवायचं कारणच उरत नाही. तिला मारायचीसुद्धा गरज नाही. फक्त बिनकामाची करायची.

आणि शेवाळाचं औषध तर आम्हा द्राक्षवाल्यांच्या घरात पोत्यानं असतं. मोरचूद. निळे खडे. चुन्यात मिसळून बोर्डो मिश्रण करायचं आणि वेलींवर मारायचं, केवडा-करप्याला आमच्या आजोबांपासून हाच उपाय. शेततळ्यात शेवाळ माजलं तरीही तेच. फडक्यात मोरचुदाची पुरचुंडी बांधायची, दोरीनं तळ्यात सोडायची, काही दिवसांत पाणी नितळ. आमच्या तळ्यात बारके मासे आहेत, त्यांना कधी काही झालेलं मी पाहिलं नाही. फक्त तळं केवढं आणि टँक केवढा, हा हिशेब मला सुचला नाही. औषध आपलं, हात आपला, आणि अंदाज वाडवडिलांचा. असल्या वेळी माणूस मोजत नाही.

बायकोला भावाकडे कळंबला जायचं होतं. सकाळी तिला एसटीत बसवलं आणि घरी येऊन कामाला लागलो. जुन्या धोतराचा तुकडा घेतला, त्यात मोरचूद बांधला. तळ्यासाठी मूठभर घेतो, म्हणून टँकसाठी अगदी बोटभर घेतला, आणि स्वतःच्या संयमाचं कौतुक वाटलं. पुरचुंडी दोरीनं सोडली. पाण्यात निळसर धूर निघाल्यासारखं दिसलं, फार छान दिसलं. मग मी बागेत गेलो.

दुपारी जेवायला आलो तर टँकमध्ये क्रांती झालेली. जेवढ्या म्हणून गोगलगायी होत्या, सगळ्या पाणी सोडून वर चढलेल्या. काचेच्या कोरड्या पट्टीवर, झाकणाच्या खालच्या अंगाला, हवेच्या नळीवर, एकमेकींच्या पाठीवर. एरवी ज्यांना कोपरा गाठायला दिवस पुरत नाही, त्यांनी ही धाव कधी घेतली कोण जाणे. मला इतका आनंद झाला की मी जेवण बाजूला ठेवून फोटो काढला आणि बायकोला पाठवला. खाली लिहिलं, "शेवाळ संपलं. कामगार संपावर."

फोटोवरच्या दोन खुणा निळ्या व्हायच्या आत फोन वाजला.

"पाण्यात काय टाकलंत?"

"काही नाही. आपलं तळ्यात टाकतो ते."

पलीकडे भावाच्या घरातली भांडी वाजत होती. मग ती अगदी शांतपणे बोलायला लागली.

"मासं काढा. आदी मासं काढा. फोन ठेवू नका, स्पीकरवर टाका."

मी वाकून पाहिलं. एक मासा वरच्या कडेला येऊन तोंड उघडत होता. मला बघून उघडायचा तसं नाही. दुसरा मधल्या पाण्यात तिरका झाला होता, एका अंगावर, आणि कल्ले भराभर हलत होते.

"घमेलं घेतो," मी म्हणालो.

"घमेल्यात नको, त्यात चुना कालवता तुमी. पुरणाचं मोठं पातेलं घ्या. फळीवर, डाव्या हाताला. पडवीतल्या पिपातलं पाणी घाला. नळाचं नको."

"जाळी कुठंय?"

"जाळी शोधू नका. चहाची गाळणी घ्या. न्हाईतर हातानं धरा. हात धुऊन. मोरचुदाचाच हात आसंल तुमचा."

मोरचुदाचाच हात होता. मी धुतला, पुन्हा धुतला. पहिला मासा गाळणीत आला, दुसरा गाळणीत मावेना, तो मी ओंजळीत उचलला. ओला, थंड, आणि माझ्या कल्पनेपेक्षा जड. पातेल्यात सोडला तर तसाच तिरका तरंगत राहिला.

"तिरका आहे," मी म्हणालो.

"राहू दे. हवेची नळी काढून पातेल्यात सोडा. मी येती."

"एसटी कधी आहे?"

"मिळंल ती. तुमी पातेल्यासमोरून उठू नका."

मी उठलो नाही. खुर्ची ओढली आणि बसलो, तिच्याच खुर्चीवर. रविवारी फोनवर पोरीला काय सांगायचं याची वाक्यं मनात बनवत होतो आणि मोडत होतो. "एक गेला" म्हणावं, की "अशक्त झाला होता" म्हणावं? मुलीचा पहिला प्रश्न मासे कसे आहेत हाच असणार, आणि उत्तर तिच्या आईला द्यावं लागणार, मला नाही. याचंच जास्त वाईट वाटत होतं.

मध्येच टँककडे नजर गेली. झाकणाखाली गोगलगायी तशाच चिकटून बसल्या होत्या, आणि दोन-तीन पाण्यात पडून तळाला उलट्या झालेल्या. त्यांना काढ असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांना काही देणंही लागत नव्हतो. तरी एकेक खरवडून काढली आणि घरातल्या दुसऱ्या भांड्यात पिपाचं पाणी घेऊन त्यात टाकली. काढताना फार घाण वाटलं. चिकट, बुळबुळीत, बोटाला धरून बसतात. ही गोष्ट मी आजही त्यांच्या बाजूनं सांगणार नाही.

संध्याकाळी बायको आली, चपला न काढता थेट पातेल्याशी गेली. तोवर तिरका मासा सरळ झाला होता. थकलेला दिसत होता, पण सरळ. तिनं बोटानं पाणी हलवलं, तसा तो वळला. मग तिनं चपला काढल्या.

टँक रिकामा करून, वाळू उकळून, सगळं धुऊन पुन्हा भरायला आम्हाला दोन दिवस लागले. घासायचं काम मी केलं, खाली बसून, माझ्या गुडघ्यांवर. मासे परत गेले. जिवंत राहिलेल्या गोगलगायीही बायकोनं चिमटीनं एकेक करून आत सोडल्या, आणि मी भांडं धरलं. रविवारी फोन आला. "मासे कसे आहेत?" पोरीनं विचारलं. "हाईत की, दोघंबी," बायको म्हणाली, "तुझ्या पप्पांनी लई जवळून बघितलं त्यांच्याकडं." पोरगी म्हणाली, पप्पांना म्हणावं हात लावू नका.

फोन ठेवल्यावर मी हार मानली. पण पूर्ण नाही. म्हणालो, "राहू देत तुझ्या गोगलगायी. पण तोटे मी सांगितले तेच आहेत. फायद्याच्या बाजूला फार तर एक धर, त्यांना बिघडलेलं पाणी कळतं."

ती स्वयंपाकघरात गेली होती. पिण्याच्या हंड्यावरचं झाकण उचलून आत वाकून बघत होती.

"मी काय म्हणती," ती आतून म्हणाली, "त्यातली एक ह्या हंड्यात सोडू का? तुमी घरात एकटं राहिला, की पाणी प्यायच्या आदी मी तिच्याकडं बघत जाईन."